ठिपकेदार पतंगाचे उदाहरण : पुरावा आणि अध्यापन – एक चिकित्सा

उत्क्रांतीच्या अध्यापनात इंग्लंडमधील ठिपकेदार पतंगाइतके रूढ झालेले उदाहरण क्वचितच आढळेल. एन.सी.ई.आर.टी.च्या इयत्ता बारावीच्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही झाडाच्या बुंध्यावरील फिक्या व काळ्या पतंगांचे चित्र छापले गेले आहे. या उदाहरणाचे पुरावा म्हणून मूल्य किती, याची चिकित्सा मात्र वर्गात अभावानेच होते.

मूळ घटना निर्विवाद आहे. १८४८ मध्ये मँचेस्टर येथे काळ्या पतंगाची नोंद झाली आणि १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. काजळीने काळवंडलेल्या झाडांवर फिका पतंग उठून दिसतो व पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतो, ही उपपत्ती जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये मांडली. बर्नार्ड केटलवेल यांनी खूण करून सोडलेल्या पतंगांच्या साहाय्याने तिची चाचणी घेतली. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदूषित परिसरात काळे पतंग सुमारे २७ टक्के, तर फिके १३ टक्के पुन्हा सापडले. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ वनात हे प्रमाण अनुक्रमे ६ व १२ टक्के असे उलटले. प्रयोगाचे खरे बळ या उलटण्यात आहे. पाठ्यपुस्तकांनी मात्र चित्र ठेवले आणि आकडे गाळले.

पुढे आक्षेप आले. निशाचर पतंग दिवसा सोडले गेले. मोजक्या झाडांवर त्यांची दाटी झाली. अनेक प्रसिद्ध छायाचित्रे मृत पतंग टाचून घेतलेली होती. ज्युडिथ हूपर यांनी ‘ऑफ मॉथ्स अँड मेन’ (२००२) या ग्रंथात केटलवेल यांच्या प्रामाणिकपणाविषयीच संशय व्यक्त केला आणि उत्क्रांतीच्या विरोधकांनी त्याचा लाभ घेतला. परंतु पद्धतीतील उणीव आणि लबाडी या भिन्न गोष्टी होत. पहिली मान्य केल्याने दुसरी सिद्ध होत नाही.

या आक्षेपांना उत्तर मिळाले ते नव्या प्रयोगातून. मायकेल मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिज येथे ४८६४ पतंग, रात्री व विरळ संख्येने, सोडले. पतंग नैसर्गिकरीत्या कोठे विसावतात हेही त्यांनी तपासले. निम्म्याहून अधिक फांद्यांवर, तर सुमारे एक तृतीयांश बुंध्यांवर आढळले. हवा स्वच्छ झालेल्या त्या परिसरात पक्ष्यांनी काळे पतंगच अधिक प्रमाणात टिपले. मजेरस यांच्या निधनानंतर, २०१२ मध्ये, हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये काळ्या रंगाचे मूळ ‘कॉर्टेक्स’ जनुकात शिरलेल्या एका डी.एन.ए. खंडात सापडले, हा बदल १८१९ च्या सुमारास घडला असावा, असा अंदाज आहे.

तरीही या उदाहरणाची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. काळे व फिके पतंग एकाच प्रजातीचे आहेत. त्यांच्यावरून नैसर्गिक निवड सिद्ध होते, नव्या प्रजातीची उत्पत्ती नव्हे. त्यासाठी अन्य पुरावे हवेत. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांतून ‘इंडोह्यूस’ या लहानशा खुरधारी प्राण्याचे अवशेष मिळाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याच्या कानाच्या हाडाची जाड भिंत देवमाशांच्या हाडाशी जुळते. खुरधारी प्राणी व देवमासे यांचे नाते असे जीवाश्मांतून उलगडते.

२०२३ मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या इयत्ता दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्यामुळे हा विषय नेमकेपणाने शिकविण्याची महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी वाढली आहे. केवळ चित्र दाखवून शिकविलेला सिद्धांत पहिल्याच आक्षेपासरशी डळमळतो. प्रयोग, त्यावरील आक्षेप आणि फेरचाचणी हा संपूर्ण क्रम शिकविला, तर पुरावा म्हणजे काय हे विद्यार्थ्याला उमगते. आणि तो आक्षेपाला भिण्याऐवजी तो तपासून पाहू लागतो.