आगबोटीतला प्रवासी कोण? डिकन्सच्या प्रवासवर्णनाविषयी थोडे

मागच्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी चार्ल्स डिकन्सच्या ‘अमेरिकन नोट्स’मधली सुरुवातीची प्रकरणे मराठीत सांगितली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. शेवटी ते म्हणाले, पहिल्या-पहिल्या आगबोटींवरचा प्रवास कसा असायचा हे कळायला याहून चांगले साधन नाही. तिथे माझे अडले. तेव्हा बोलायला वेळ उरला नव्हता, म्हणून लिहून काढतोय.

आधी जे चांगले आहे ते. जानेवारी १८४२ मध्ये डिकन्स बायकोला घेऊन लिव्हरपूलला ‘ब्रिटानिया’वर चढला. सॅम्युअल क्यूनार्डने टपालासाठी बांधून घेतलेल्या पहिल्या चार आगबोटींपैकी ही एक. लाकडी बांधणीची, दोन्ही कुशींना मोठी चाके असलेली. ४ जुलै १८४० ला ती पहिल्या फेरीवर निघाली होती. एजंटाकडच्या चित्रात ऐसपैस दिसलेली खोली प्रत्यक्षात एवढीशी निघते की पेटी आत नेण्याच्या अडचणीसाठी त्याला थेट जिराफ आठवतो. मग वादळ, ओकाऱ्या, आणि हॅलिफॅक्सच्या तोंडाशी चिखलात रुतलेली बोट. विनोद अस्सल आहे, कारण त्यात फजिती त्याची स्वतःची आहे.

पण खोली लहान का, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याच्या लेखी ती एजंटाची लबाडी. खरे कारण त्याच्या पायाखाली होते. ‘ब्रिटानिया’त प्रवासी घ्यायचे सुमारे ११५ आणि कोळसा भरायचा सुमारे ६४० टन. रोजचे जळण अदमासे ३८ टन. बोटीचा मधला चांगला भाग यंत्राने आणि बॉयलरने खाल्लेला. सरकारी पैसा मिळायचा तो टपाल वेळेवर पोचवण्याचा. म्हणजे आधी टपाल, मग कोळसा, आणि उरल्या जागेत माणूस.

हे आपल्याकडे आणखी उघडे दिसते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली. ४११ टनांची बोट, तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, आणि एडनच अकरा दिवसांवर. मग काय केले? प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला! कप्तान जॉन विल्सनने ती सुएझला महिन्याभरात नेली खरी, पण तिला प्रवासी बोट म्हणायला जीभ कचरते. आपण ‘पहिली आगबोट’ म्हणून तारखा पाठ करतो, तेव्हा हा काळा माल डोळ्यांपुढे ठेवत नाही. डिकन्सही ठेवत नाही. तो कोळसा भट्टीत टाकणारी माणसे तर त्याच्या हसवणुकीच्या जवळपासही येत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ही बैठकीत आलीच नाही. त्या फेरीनंतर डिकन्सने आगबोटीची धास्तीच घेतली, त्यातून आगीची फार. जूनमध्ये परत येताना तो मुद्दाम शिडाच्या जहाजावर, ‘जॉर्ज वॉशिंग्टन’वर चढला. परतीच्या प्रकरणात हसणे अर्ध्यावर थांबते, कारण खालच्या भागात जवळजवळ शंभर गरीब माणसे आहेत. नशीब काढायला अमेरिकेला गेलेली आणि हात हलवत परत निघालेली. काहींनी भाड्यासाठी अंगावरचे कपडे विकलेत. एक जण वरच्या वर्गाची ताटे धुवायला बाहेर येत, त्यांतली हाडे आणि चरबीचे तुकडे खाऊन दिवस काढतो. डिकन्स चिडतो, माणसांच्या संख्येवर मर्यादा हवी, वैद्य हवा, पुरेसा शिधा हवा असे सरळ मागतो. मला पुस्तकातली ही पाने विनोदापेक्षा मोठी वाटतात.

तरी एक खटकतेच. ही माहिती त्याला मिळाली त्या लोकांवर देखरेख करणाऱ्या जहाजाच्या सुताराकडून. स्वतः तो वरून, कठड्याशी उभा राहून बघत होता.

आणि मुख्य मुद्दा असा की हे लोक आगबोटीत नव्हतेच. क्यूनार्डच्या त्या बोटींत त्यांना जागा नव्हती. लोखंडी आणि पंख्यावर चालणाऱ्या बोटी आल्या, कोळशाला जागा कमी लागू लागली, तेव्हा इनमन कंपनीने १८५० नंतर स्थलांतरितांना आगबोटीत घ्यायला सुरुवात केली. तोवर गरिबाचा अटलांटिक शिडाचाच. म्हणून ‘ब्रिटानिया’ची प्रकरणे एकटी वाचली, तर प्रवासी म्हणजे खोलीबद्दल कुरकुर करणारा गृहस्थ, एवढाच समज होतो.

मला हे इतके का लागले ते सांगतो. माझी आई पणजीहून मुंबईला बोटीने जायची, ती डेकच्या तिकिटावर. वळकटी, फणसाच्या चिप्सचा डबा आणि मांडीवर मी. तिने केबिन आतून कधी पाहिली नाही. आमच्या मंडळाने त्या बोटींच्या आठवणी गोळा केल्या तेव्हाही आधी केबिनवाल्यांच्याच आल्या. लिहायची सवय त्यांना होती.

सभासदांवर माझा राग नाही, त्यांनी सांगितले झकासच. फक्त पुढच्या बैठकीत परतीचे प्रकरणही घ्यावे. पुस्तक माझ्याकडे आहे, हवे तर मी वाचतो.