टाळ्या वाजवून झाल्यावर

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. गोंदिया जिल्ह्यात, कामठ्यासारख्या गावांच्या परिसरात, रात्ररात्र दंडार आणि नाटके रंगतात. आज वडशाच्या व्यावसायिक मंडळ्या गावोगाव फिरत असल्या, तरी या रंगभूमीचे मूळ गावच्याच हौशी नटांत आहे. रात्री राजा झालेला नट सकाळी धानाच्या बांधावर भेटतो. त्याचे घर कोठे, जात कोणती, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. म्हणूनच जातीविषयीचे नाटक अशा रंगमंचावर आले, तर ते निव्वळ नाटक राहत नाही. या दृष्टीने पुण्यातील एका प्रयोगाचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

गो. पु. देशपांडे यांनी १९९२ साली जोतीराव फुले यांच्या जीवनावर 'सत्यशोधक' हे नाटक लिहिले. २०१२ साली पुणे महानगरपालिका कामगार युनियनने ते अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. जोतीरावांच्या भूमिकेत ओंकार गोवर्धन हे सरावलेले नट होते. परंतु कलावंतांत मोठा भरणा सफाई कामगारांचा होता.

देशपांडे यांची नाट्यरचना विचारप्रधान आहे. नुसत्या वाचनात ती क्वचित रुक्ष भासते. पण ज्या हातांनी पहाटे शहर झाडले, तेच हात उंचावून जेव्हा माणुसकीचा हक्क मागितला जातो, तेव्हा संवादातील वैचारिकता अनुभवाचे रूप घेते. उच्चारातील उणिवा येथे गौण ठरतात. या प्रयोगाचे खरे सामर्थ्य आम्हांला यातच दिसते.

धोकाही येथेच आहे. 'सफाई कामगार असूनही किती छान काम करतात!' या कौतुकात 'असूनही' हा शब्द जातीचाच आहे. तो उच्चारणारा प्रेक्षक नाटकाला दाद देतो आणि नाटकाचा प्रश्न मात्र दाराबाहेर ठेवतो. फुल्यांना अशी दाद नको होती. १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांच्यापासून आपल्या देशबांधवांनी धडा घ्यावा म्हणून. वर्णद्वेष आणि जातिभेद यांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

स्वतः फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. ते दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही आणि १९७९ पर्यंत ते अप्रकाशितच राहिले. त्यात जोशीबुवाने नाडलेल्या कुणबी दांपत्याचे डोळे उघडण्यास एक पाद्री हातभार लावतो. हे वाचून आपल्याला धन्यता वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या पाद्र्याच्या पुण्याईवर आपण किती काळ जगणार?

जातिभेद आपल्या उंबरठ्याबाहेरच राहिला, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. २०१६ साली भारतातील कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात चर्चमध्येही जातिभेद आहे, ही गोष्ट उघडपणे मान्य करण्यात आली. सोयरीक जुळवताना आजही कोणती चौकशी होते, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. आपल्या धर्मग्रामांच्या रंगमंचावर नाताळची नाटुकली हौसेने होतात. हा विषय मात्र क्वचितच येतो.

उद्या मंडईतल्या मंडपात किंवा चर्चच्या पटांगणात असे एखादे नाटक उभे राहिले, तर त्यातील भूमिका कोणाला द्यावयाच्या, हा पहिला प्रश्न असेल. मात्र पडदा पडल्यावर त्या नटांना कोणाच्या घरी, कोणत्या पंक्तीला जेवू घालावयाचे, हा खरा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शक देईल. दुसऱ्याचे उत्तर प्रेक्षकांनी, म्हणजे आपणच, द्यावयाचे आहे.