फिलिपचं पत्र कसं वाचायचं?

ऐतिहासिक व्यक्तीने स्वतः लिहिलेलं पत्र हाती लागलं की आपल्याला वाटतं, चला, पुरावा मिळाला! संशोधनाच्या सुरुवातीला हाच आनंद सगळ्यात महागात पडतो. म्हणून आज एकच पत्र घेऊन बसू: जर्मनीचा राजा, स्वाबियाचा फिलिप याने १२०६ मध्ये पोप तिसरा इनोसंट याला पाठवलेलं.

आधी माणूस समजून घ्या. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा हा सर्वात धाकटा मुलगा. थोरल्यांना राज्य आणि धाकट्याला चर्च, अशी घरची वाटणी. त्यामुळे लहान वयातच तो आखेनच्या चर्चचा प्रमुख झाला, पुढे वुर्झबर्गचा बिशप म्हणून निवडला गेला. बिशपपदाची दीक्षा मात्र झाली नाही. नंतर त्याने चर्च सोडलं. ११९५ मध्ये टस्कनी आणि ११९६ मध्ये, भाऊ कोनराड वारल्यावर, स्वाबिया त्याच्याकडे आलं. ११९७ मध्ये बायझंटाइन राजकन्या आयरीनशी त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी थोरला भाऊ, सम्राट सहावा हेन्री, वारला. हेन्रीच्या मुलाला, म्हणजे फ्रेडरिकला, सरदारांनी आधीच राजा म्हणून निवडलं होतं. पण तो तीन वर्षांचाही नव्हता. मार्च ११९८ मध्ये फिलिपच्या बाजूच्या सरदारांनी फिलिपलाच राजा निवडलं. जूनमध्ये विरोधी गटाने ऑटोला निवडलं. एक गादी, दोन राजे.

आता पत्र. फिलिप सांगतो: मला पुतण्यासाठी राज्य राखायचं होतं, पण सरदारांना लहान मूल राजा नको होतं, शिवाय तेव्हा माझ्याइतका श्रीमंत आणि बलवान सरदार दुसरा नव्हता, मग मी हावेपोटी कशाला राज्य घेऊ?

वाचून पटतं, नाही का? नाइलाजाने राजा झालेला, मुळात चर्चमध्ये वाढलेला सज्जन माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. इथेच थांबा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला: हे कधी लिहिलं? निवडणुकीनंतर तब्बल आठ वर्षांनी, पोपशी समेटाची बोलणी चालू असताना.

दुसरा: हे कशाचं उत्तर आहे? फिलिप, ऑटो आणि छोटा फ्रेडरिक यांची तुलना करणाऱ्या टिपणात इनोसंटने फिलिपवर ठपका ठेवला होता की पुतण्याशी निष्ठेची शपथ घेऊन त्याने ती मोडली. १२०१ मध्ये पोपने ऑटोची बाजू घेतली. पत्रात पुतण्या एवढा पुढे का येतो, ते आता कळेल.

तिसरा: हे टिकलं कुठे? पोपच्या कचेरीने या वादासाठी मुद्दाम ठेवलेल्या वेगळ्या नोंदवहीत. म्हणजे फिलिपची बाजू आपल्याला त्याच्याविरुद्ध निकाल देणाऱ्याच्या दप्तरातून ऐकू येते.

माझं मत विचाराल तर ११९८ मधल्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून हे पत्र कच्चं आहे. ‘मी सर्वात बलवान होतो’ या वाक्याने त्याची ताकद सिद्ध होते, अनिच्छा नाही. आणि चर्च सोडून तर त्याला बरीच वर्षं झाली होती. पण १२०६ मध्ये राजाला कोणत्या आरोपाला उत्तर द्यावंसं वाटत होतं, याचा हा अस्सल पुरावा आहे.

पत्राच्या शेजारी कृती ठेवून बघा. ११९८ मध्ये फिलिपकडे खरी राजचिन्हं होती, पण त्याचा राज्याभिषेक माइन्झला झाला. ऑटोचा झाला आखेनला, म्हणजे परंपरेच्या जागी, कोलोनचा आर्चबिशप अडॉल्फ याच्या हातून. पुढे अडॉल्फ फिरला आणि जानेवारी १२०५ मध्ये फिलिपने त्याच्याच हातून, आखेनलाच, पुन्हा मुकुट घालून घेतला. आपल्या हक्कातली उणीव त्याला पुरती ठाऊक होती, हे पत्रापेक्षा हा दुसरा मुकुट जास्त स्पष्ट सांगतो.

जून १२०८ मध्ये बाम्बर्गला त्याचा खून झाला आणि मग सरदारांनी ऑटोला मान्य केलं. पण म्हणून ‘ऑटोच खरा राजा होता’ असं लिहू नका. तो निकाल तलवारीने लागला, कागदपत्रांनी नाही.

तुमच्या प्रबंधातला सर्वात लाडका दस्तऐवज काढा. घटना कधी घडली, कागद कधी लिहिला, तो जपला कोणी, हे तिन्ही समासात लिहा. मगच त्यातलं वाक्य उचला.