बंद दाराआडची एलायझा

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची नातवंडे आता शाळेच्या वरच्या वर्गांत तरी आहेत, नाहीतर सैन्यात. ती काय वाचतात हे आपल्याला सहसा कळत नाही. ती हिब्रूत वाचतात, इंग्रजीत वाचतात, आणि पुष्कळदा टेलिफोनच्या पडद्यावर वाचतात. म्हणून ह्या वेळी आम्ही मुद्दाम त्यांच्या वयासाठी लिहिलेली एक कादंबरी परीक्षणास घेतली आहे. फ्रान्चेस्का झापिया ह्या अमेरिकन लेखिकेची 'एलायझा अँड हर मॉन्स्टर्स' ही ती कादंबरी. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली.

एलायझा मर्क ही इंडियाना राज्यातल्या एका लहान गावातली मुलगी. शाळेचे शेवटचे वर्ष चालू आहे. शाळेत ती कोणाशी बोलत नाही, कोणी तिच्याशी बोलत नाही. आईवडिलांना खेळांची भारी आवड. चर्च आणि सली हे दोघे धाकटे भाऊही मैदानावरचे. जेवणाच्या टेबलावर ही मुलगी परक्यासारखी बसते आणि ताट उरकले की खोलीत जाऊन दार लावते. दाराआड ती एक चित्रकथा काढते. तिचे नाव 'मॉन्स्ट्रस सी', म्हणजे राक्षसी समुद्र. ही चित्रकथा पानापानाने इंटरनेटवर येते आणि तिचे वाचक लक्षावधी आहेत. मात्र ती कोण काढते हे जगाला माहीत नाही. तेथे एलायझाचे नाव 'लेडी कॉन्स्टलेशन', नक्षत्रांची राणी म्हणा हवे तर.

मुंबईत असताना मासिकातल्या 'क्रमशः'ची वाट पाहणाऱ्यांना हा प्रकार समजायला जड जाणार नाही. फरक इतकाच की त्या वेळी वाचक फार तर संपादकाला पोस्टकार्ड टाकी. आता तो वाचक स्वतःच कथेतली पात्रे काढतो, त्यांच्यासारखे कपडे शिवून घालतो, त्यांच्यावर नव्या गोष्टी रचतो आणि त्या इतर चाहत्यांना वाचायला देतो. त्यातून चाहत्यांचे एक गणगोत तयार होते. एलायझाचे दोनच जवळचे मित्र आहेत, एमी आणि मॅक्स. दोघेही ह्याच गणगोतातले, आणि दोघांनाही तिने प्रत्यक्ष कधी पाहिलेले नाही. तिच्या आईवडिलांच्या दृष्टीने असे मित्र म्हणजे मित्रच नव्हेत. लेखिका मात्र त्यांची मैत्री खरी मानते, आणि पुस्तक पुढे सरकते तसे आम्हीही मानू लागलो.

मग शाळेत वॉलेस नावाचा नवा मुलगा येतो. अंगाने फुटबॉलच्या खेळाडूसारखा धिप्पाड, पण लोकांदेखत तोंडातून शब्द काढत नाही. जे सांगायचे ते कागदावर लिहून देतो. तो 'मॉन्स्ट्रस सी'चा निस्सीम चाहता आहे आणि तिच्यावर आधारलेल्या गोष्टी लिहितो. ज्या बाईला तो देवासारखी मानतो ती आपल्या शेजारीच बसली आहे, हे त्याला ठाऊक नाही. एलायझा सांगत नाही. दोघांची मैत्री होते, प्रेम जमते, तरी ती सांगत नाही.

ती का सांगत नाही, ह्याभोवती सगळी कादंबरी फिरते, आणि लेखिकेने ह्याचे उत्तर घाईने दिलेले नाही हे तिचे मोठेपण. टोपणनावाची प्रथा आपल्या मराठीला नवी नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, ह्यावरून केवढे वादळ उठले होते. मालती बेडेकरांना त्या नावाची गरज होती, कारण अविवाहित शिकलेल्या मुलींच्या मनातले त्यांनी उघड लिहिले होते आणि समाज ते ऐकून घेणार नव्हता. एलायझाच्या चित्रांत लपवण्यासारखे काही नाही. कोणी तिला दगड मारणार नाही, उलट डोक्यावर घेऊन नाचतील. तिला त्याचीच धास्ती आहे. नाव झाकलेले असले की हात मोकळा चालतो. चूक झाली तरी ती लेडी कॉन्स्टलेशनची. जेवणाच्या टेबलावर येऊन बसणाऱ्या एलायझाची नव्हे. जगात तिला नीट जमणारी एकच गोष्ट आहे, आणि ती करायला तिला अशी जागा हवी आहे जिथे कोणी डोकावत नाही. आपण घरातल्या मुलांना 'दिवसभर दार लावून काय करतोस?' असे विचारतो, तेव्हा उत्तर न देणाऱ्या मुलाजवळ लपवण्यासारखे काही वाईट असेलच असे नाही, हे ह्या पुस्तकात फार पटेल असे दाखवले आहे.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्यासाठी आम्ही हे पुस्तक निवडले. शाळा संपताना वृत्तपत्राचा खास अंक निघतो आणि प्रत्येक मुलाविषयी चार शब्द लिहून द्या, असे पालकांना सांगितलेले असते. एलायझाचे आईवडील अभिमानाने लिहितात: आमची मुलगी 'मॉन्स्ट्रस सी' काढते. तिला विचारत नाहीत. विचारायचे असते हे त्यांच्या गावीच नसते. अंक वाटला जातो, एक मुलगा वाचतो, दुसरा वाचतो, आणि काही तासांत जगभरच्या चाहत्यांना तिचे नाव, गाव, शाळा कळते. एलायझाला श्वास घेता येत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती कोसळते.

त्या चार ओळींत एकही वाकडा शब्द नाही. निखळ कौतुक आहे. लेखिकेने येथे खलनायक आणला असता, एखादा मत्सरी वर्गमित्र वगैरे, तर पुस्तक सोपे झाले असते आणि खोटेही. तिने हे काम प्रेमळ आईबापांच्या हातून करवले. आपल्या ह्या अंकातही दर वेळी अभिनंदनाच्या चौकटी असतात: बर मित्झवा, पदवी, सैन्यातली बढती, नातीचे चित्र स्पर्धेत निवडले गेले. त्या आम्ही आनंदाने छापतो, पुढेही छापू. पण हा प्रसंग वाचल्यावर चौकट पाठवणाऱ्या आजीआजोबांना एक विनंती कराविशी वाटते, की ज्याचे अभिनंदन आहे त्याला आधी विचारा. बर मित्झवाचे ठीक आहे, ते सगळ्या गावाला ठाऊक असते. चित्रांचे आणि कवितांचे तसे नसते.

मुलीला जे होते त्याचे वर्णन लेखिकेने अंगातून केले आहे: छाती आवळणे, हात गार पडणे, अन्न नको होणे, दिवसच्या दिवस झोपून राहणे. येथे हिब्रूत त्याला 'खरादा' म्हणतात आणि नातवंडांच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे. आपल्या मराठीत काळजी होती, धास्ती होती, चिंता होती. पण 'पोरगी घाबरट आहे' एवढे म्हणून मोठी माणसे मोकळी होत. असे काही मुलांच्या अंगात बसलेले असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे जायचे असते, हे आपल्याला उशिरा कळले. एलायझाला तिचे आईवडील अशा बाईकडे पाठवतात. ते प्रसंग आम्हांस त्रोटक वाटले. मुलगी आत जाते, काही बोलते, बाहेर येते. एवढे दुखणे वर्णिलेल्या लेखिकेने औषधाला आणखी पाने द्यायला हवी होती.

एक गोष्ट येथे सांगून टाकली पाहिजे, कारण पुस्तक नातवंडांच्या हाती द्यायचे की नाही हे आपल्याला ठरवायचे असते. कथेत आत्महत्या आहे. वॉलेसच्या वडिलांनी गावाबाहेरच्या एका वळणावरून मोटार खाली घातली होती, आणि पुढे वाईट काळात एलायझाही त्याच वळणावर जाऊन उभी राहते. लेखिका त्यात चव घेत नाही, संयमाने लिहिते.

आमची मोठी तक्रार वॉलेसविषयी आहे. मुलीचे गुपित फुटते, ती अंथरुणाला खिळते, चित्र काढायला हात उचलत नाही, आणि ह्या वेळी हे महाशय रागावलेले असतात, आपल्याला फसवले म्हणून. इतकेही समजून घेता येते. पण पुढे एक प्रकाशक त्याचे 'मॉन्स्ट्रस सी'वरचे लेखन छापायला तयार होतो, फक्त मूळ चित्रकथा पूर्ण झाली पाहिजे. तेव्हा हा मुलगा आजारी मुलीला म्हणतो, तुझी कथा संपव, मला त्याची गरज आहे. ह्या जागी चाहत्याचे प्रेम भुकेल्यासारखे दिसते. लेखिकेने हे पाहिले आहे, नेमके पाहिले आहे, पण मग तिला प्रेमकथा सावरायची घाई होते. त्या वळणावर वॉलेस येतो, थोडे बोलणे होते, आणि सगळे माफ. आमच्या मते त्याच्याकडून आणखी हिशेब घ्यायला हवा होता. वयस्क वाचकाला संसाराचा अनुभव असतो. तो एवढ्यात माफ करणार नाही.

चाहत्यांची ही भूक दाखवण्यासाठी लेखिकेने कादंबरीत आणखी एक लेखिका निर्माण केली आहे, ऑलिव्हिया केन. तिने एक लोकप्रिय पुस्तकमाला लिहिली, शेवटचा भाग लिहिलाच नाही आणि लोकांतून उठून गेली. तिचे एक पत्र एलायझाला येते. पान-दीड पानाची ही बाई आम्हांस वॉलेसपेक्षा जास्त लक्षात राहिली.

आईवडिलांचे चित्रही जरा एकेरी झाले आहे. खेळाचे वेड, मुलीच्या कामाबद्दल अज्ञान, एवढेच रंग. दोन धाकटे भाऊ मात्र छान उतरले आहेत. बहीण काय करते, ते केवढे मोठे आहे, हे त्या पोरांना आईबापांच्या आधी कळलेले असते, आणि वेळ येते तेव्हा तीच आईबापांना सुनावतात. मॉन्स्ट्रस सीची जी पाने मध्ये मध्ये छापली आहेत ती झापियाबाईंनी स्वतः काढलेली आहेत. चित्रे देखणी आहेत, पण तुकडे इतके छोटे की ह्या कथेसाठी लाखो लोक का वेडे झाले ते काही कळत नाही. ते आपण मानून चालायचे. मित्रांचे लेखी संभाषण असलेली पाने वाचताना प्रथम दोनदा मागे जावे लागते. नावे पाठ झाली की अडत नाही.

ह्याच विषयावरची दुसरी एक कादंबरी सोबत वाचावी असे आम्ही सुचवतो: रेनबो रॉवेल ह्यांची 'फॅनगर्ल', २०१३ सालची. तिची नायिका कॅथ नेब्रास्काच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे आणि जादूगार मुलांच्या एका प्रसिद्ध पुस्तकमालेवर स्वतःच्या गोष्टी लिहिते. तिच्या धास्तीचे एकच उदाहरण देतो. भोजनगृह कोठे आहे हे कोणाला विचारायला नको, म्हणून ही मुलगी कितीतरी दिवस खोलीत बसून कोरडा खाऊ खाते. ज्याने मूल परगावी पाठवले आहे त्याच्या घशात घास अडकेल.

कॅथ अशी एक गोष्ट वर्गात देते, तर प्राध्यापिका ती नापास करते: पात्रे दुसऱ्याची, जग दुसऱ्याचे, ही तर चोरी. ह्या जागी आम्हांस आपले कीर्तनकार आठवले. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर कीर्तने सुरू केली. अब्राहामाचे चरित्र, योसेफाचे आख्यान. कथा तोरातली, चाली मराठी कीर्तनातल्या, पदे स्वतः रचलेली. योसेफ आपला नव्हे म्हणून कोणी कीर्तनकाराला चोर म्हटले नाही. ऐकणाऱ्यांना गोष्टीचा शेवट पाठ असे, तरी भाऊ योसेफाला खड्ड्यात टाकत तेव्हा आयाबाया पदर डोळ्यांना लावत. अर्थात फरक आहे. तोरा सर्वांची, आणि हयात लेखकाचे पुस्तक त्याचे एकट्याचे. तेव्हा प्राध्यापिकेचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण माहीत असलेल्या गोष्टीत पुन्हा शिरून तिचे न सांगितलेले कोपरे शोधायचे, ही हौस आपल्या ओळखीची आहे. रॉवेलबाईंनी पुढे २०१५ साली कॅथच्या त्या जादूगार मुलावर 'कॅरी ऑन' नावाची स्वतंत्र कादंबरीच लिहिली.

कॅथच्या प्रियकराला, लेवीला, पुस्तक वाचणे जड जाते. ऐकलेले मात्र त्याला नीट कळते. म्हणून कॅथ त्याला आपल्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवते. ती वाचते, तो ऐकतो, रात्र सरते. एलायझा आणि वॉलेसच्या सगळ्या चिठ्ठ्या एकीकडे ठेवल्या तरी आम्हांस हे प्रसंग अधिक आवडले. लिहिणाऱ्या मुलीला येथे माणूस सापडला आहे, आणि तो पुढचे पान कधी देतेस म्हणून मागे लागत नाही.

चित्रे आणि धास्तीचे खरे वर्णन हवे असेल तर एलायझा. घर, बहीण, आजारी वडील, सोडून गेलेली आई असा भरलेला संसार हवा असेल तर कॅथ. दोन्ही पुस्तकांचे इंग्रजी सोपे आहे, मुंबईच्या शाळेत शिकलेल्यांना अडचण पडणार नाही. 'एलायझा' पंधरा वर्षांच्या खालच्या मुलाला द्यायची झाल्यास आधी स्वतः वाचावी, निदान त्या वळणाची प्रकरणे तरी.