पोलादाला दिलेली मोकळीक

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं ‘क्लाउड गेट’ हे अमूर्त शिल्प १९५४ साली मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं. लांबी २० मीटर, उंची १० मीटर, वजन सुमारे १०० टन. तरीही ते बघताना वजन जाणवत नाही. कपूर यांना हा आकार पाऱ्यावरून सुचला. पाऱ्याच्या थेंबाला ना कोपरा, ना सांधा. या शिल्पातही नजर कुठे अडत नाही.

हा अखंडपणा कष्टाने कमावलेला आहे. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे वेल्डिंगने जोडून ही काया घडली. २००४ मध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा जोडांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने घासून, पॉलिश करून नाहीशा केल्या आणि २००६ मध्ये काम पुरं झालं.

खरी करामत मात्र आत आहे. शिकागोचा हिवाळा शून्याखालचा, उन्हाळा कडक. पोलाद आकसणार आणि प्रसरणारच. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना गावाकडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: तापवलेली धाव सैल होऊन चाकावर बसते, पाणी पडताच आकसून लाकडाला करकचून आवळते. तिथे धातूचा हा स्वभाव पकड घट्ट करायला वापरला जातो. इथे त्याच स्वभावाला वाट दिली आहे. आतल्या सांगाड्याला पत्रे जखडलेले नाहीत. लवचीक जोडणीमुळे त्यांना हलायला जागा मिळते. म्हणून ऋतू बदलले तरी वरच्या आरशाला पोचा पडत नाही.

शाळेत शिकलेले दोन्ही वक्र आरसे या एकाच अंगावर भेटतात. बाहेरची बहिर्वक्र बाजू उंच इमारती आणि आभाळ आक्रसून एका नजरेत आणते. शिल्पाच्या कमानीखाली शिरून मान वर केली की अंतर्वक्र पोकळीत आपलंच रूप ताणलेलं, उलटं, अनेक ठिकाणी विखुरलेलं दिसतं. बाहेर शहर ओळखता येतं, आत स्वतःला शोधावं लागतं. या शिल्पाचा आशय मला इथे गवसतो, आणि तो वक्रतेच्या गणितातूनच उमलतो.

अभियंत्याचा हिशेब इथे कलेच्या दिमतीला आलेला नाही, तो कलेचा गाभाच आहे. धातूचा स्वभाव ओळखून त्याला मोकळीक दिली, म्हणूनच १०० टन पोलादाला थेंबाचं मार्दव आलं.