स्पर्धात्मक अनुदान आणि बोलींचे संशोधन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

विद्यापीठीय संशोधनास द्रव्यसाहाय्य कोणत्या तत्त्वावर द्यावे, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो ज्ञानाच्या स्वरूपाचा आहे. संशोधकांनी प्रस्ताव सादर करावेत, तज्ज्ञांनी त्यांची तुलना करावी आणि सरस ठरलेल्यांस अनुदान मिळावे, ही स्पर्धेची पद्धती आज सर्वत्र मान्यता पावली आहे. तिच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. 1956 च्या कायद्याने वैधानिक स्थान मिळालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु व बृहत् संशोधन प्रकल्पांच्या योजनांमुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन अध्यापकासही, कोणाच्या मर्जीवर न विसंबता, अर्ज करता येत असे. हा लाभ लहान नव्हता.

तथापि, स्पर्धा निःपक्षपाती असली तरी तिची मापे तशी असतातच असे नाही. भंडारा जिल्ह्यातील झाडीबोलीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, एवढ्यावर या बोलीचे वर्णन संपत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानशेती, दंडारीसारखे लोकनाट्य, कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि त्यांच्या पाण्याची वाटणी, यांची स्वतंत्र शब्दसंपदा तिच्यात आहे. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तलावांची जुनी व्यवस्था मोडत गेली. व्यवस्थेबरोबर तिचे शब्दही वृद्धांच्या तोंडीच उरू लागले. असे शब्द गोळा करावयाचे तर त्याच गावी ऋतुमागून ऋतू जावे लागते. काय सापडेल, हे आधी सांगता येत नाही. उलट, स्पर्धेतील प्रस्तावाला निष्पत्ती आधीच सांगावी लागते, तीही ठरावीक मुदतीत व मोजता येईल अशा रूपात.

आजवरच्या कार्याचा इतिहास काय सांगतो? ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये निघाला. त्यात या भागातील बोलींचे नमुने आले. ते कार्य सरकारने सोपविलेले होते. त्यातील नमुने बहुधा एकाच कथेच्या भाषांतरातून मिळविलेले असल्याने त्यांची मर्यादा उघड आहे. पण कोणती बोली लाभदायक, याची निवड तेथे स्पर्धेवर सोडलेली नव्हती. अ. मा. घाटगे यांची मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ग्रंथमाला 1963 पासून राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. पुढे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेले बोलींचे सर्वेक्षणही नेमून दिलेलेच कार्य होय. झाडीबोलीचा कोश सिद्ध करणारे हरिश्चंद्र बोरकर यांच्या परिश्रमामागे तर प्रदेशाची आस्था होती.

स्पर्धेचा खर्चही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ऑस्ट्रेलियात 2012 मधील वैद्यकीय संशोधनाच्या एका अनुदानफेरीसाठी सुमारे 3,700 प्रस्ताव आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे 550 वर्षे खर्ची पडली, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. पाचांपैकी जेमतेम एकास यश आले. मोठ्या संस्थेत असे प्रस्ताव सिद्ध करण्यास साहाय्यक असतात. जिल्ह्यातील अध्यापकास ते तासिकांच्या फटीत करावे लागते.

भारतात 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांची योजना मांडली गेली. तिचा मोठा भाग शासनेतर स्रोतांतून अपेक्षित धरला गेला. मानव्यविद्यांचा समावेश तेथे आहे, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा संबंध येतो तेवढ्यापुरताच. तलावाच्या पाळीवरच्या शब्दासाठी कोणता उद्योजक पुढे येईल?

यावरून स्पर्धा टाकून द्यावी, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. नेमून दिलेल्या कार्यातही आळस आणि वशिला शिरतो. परंतु सर्व निधी एकाच चाळणीतून जाऊ नये. किमान पात्रता तपासून उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकण्याचा प्रयोग न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2013 पासून केला आहे. बोलींच्या बाबतीत त्याहून साधा उपाय उपलब्ध आहे : प्रत्येक जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयास ध्वनिमुद्रण व शब्दसंग्रह यांसाठी अल्प पण अखंड वार्षिक अनुदान द्यावे आणि दर पाच वर्षांनी संग्रह प्रत्यक्ष तपासावा. प्रस्तावाची परीक्षा त्याने दिलेल्या वचनावरून होते, संग्रहाची त्यातील सामग्रीवरून. आणि भंडाऱ्यात सामग्री देणारी पिढी वृद्ध झाली आहे.