चवळीच्या पानामागे

जालना-मंठा रस्त्यावर वाटूर फाट्याला परतूरकडे जाणारी वाट फुटते. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, तूर आणि जालन्याची मोसंबी. या पिकांवर पंप चालतोच. पण घरामागचे चार वाफे न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले असतात आणि तिथली भाजी संध्याकाळी आपल्याच ताटात पडायची असते, म्हणून तिथे औषध मारायला कोणाचा हात धजत नाही. मित्रकीटकांची करामत बघायची तर ती या परसबागेतच बघावी, आणि सुरुवात चवळीपासून करावी.

शेंडा खुडायचा नाही, फक्त पान उलटं करायचं. कोवळ्या देठाला काळा मावा गच्च चिकटलेला असतो. खालची पानं चिकट, तकतकीत, कारण मावा ओढलेल्या रसातला बराचसा गोडवा मागच्या मागे टाकून देतो. त्या गोडीला मुंग्या येतात आणि फुकट खात नाहीत, माव्याची राखण करतात. मावा खाणारा ढालकिडा जवळ आला की त्याला हुसकावतात. म्हणून मावा वाढलेला दिसला तर आधी मुंग्यांची रांग कुठून चढते ते पाहावं.

ढालकिड्याला दाद सगळेच देतात. लाल-नारिंगी पाठ, काळे ठिपके, पोरांनाही आवडतो. पण खादाड असते ती त्याची अळी, आणि ती कोणी ओळखत नाही. करडी-काळी, पाठीवर नारिंगी खुणा, चालणं सुसरीच्या पिल्लासारखं. कीड समजून लोक तिलाच चिरडतात. उलट वांग्या-कारल्याच्या पानावर ठिपक्यांचाच एक भुंगा बसतो, एपिलॅकना, तो पान खरवडून त्याची जाळी करतो आणि ढालकिडा म्हणून सुटतो. पाठ बघावी. ढालकिड्याची चकचकीत असते, याची बारीक लवेमुळे मळकट दिसते.

ढालकिड्याच्या घराण्याचा लौकिक जुना आहे. १८८८ साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवलेकिडीनं बसायला आल्या होत्या. ऑस्ट्रेलियातून नेलेल्या रोडोलिया नावाच्या ढालकिड्यानं त्या एक-दोन वर्षांत सावरल्या. मोसंबीच्या मुलखात ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

क्रायसोपाची नजाकत वेगळी. हिरवट, जाळीदार पंखांचा हा नाजूक जीव अंडी थेट पानावर टाकत नाही. केसाएवढा दांडा उभा करतो आणि त्याच्या टोकावर एकच अंडं ठेवतो. पिल्लं इतकी अधाशी की एकत्र निघाली तर भावंडांनाच खातील. दांड्यांमुळे ती एकमेकांच्या तोंडी सहज लागत नाहीत.

तरी माझ्या लेखी पहिला मान या दोघांचा नाही, तो एका माशीचा आहे. गांधीलमाशीच्याच गोतातली, पण मुंगीहूनही लहान. माव्यासमोर उभी राहते, पोट पायांमधून पुढे वाकवते आणि क्षणात टोचून अंडं आत सोडते. मावा पुढे काही दिवस रस ओढत राहतो, आतून मात्र पोखरला जातो. मग फुगतो, वाळक्या गवताच्या रंगाचा होतो, पानाला डकला जातो. नीट पाहिलं तर त्याच्या मागच्या बाजूला कापून काढल्यासारखं गोल भोक दिसतं, कधी कधी झाकण अजून लोंबत असतं. तिथून नवी माशी गेली. काळ्या माव्यात असे फुगीर, फिकट दाणे दिसू लागले की हात आवरावा. त्या दिवशी केलेली फवारणी माव्यापेक्षा या माशीलाच जास्त भोवते.

घरोघरी चालणारा राखेचा उपाय मला म्हणूनच सरसकट पटत नाही. राखेनं मावा दबतो हे खरं, पण त्या भुकटीत माशीचाही वावर खुंटतो. त्यापेक्षा पाण्याचा जोरकस फवारा बरा. आणि शेपू-कोथिंबिरीची दोन-चार झाडं फुलावर सोडावीत. माशी असो की क्रायसोपा, मोठं झाल्यावर त्यांना मध आणि पराग लागतात, ते या बारीक फुलांत मिळतात. कपाशीच्या कडेनं चवळी आणि मका लावायला कृषी शास्त्रज्ञ सांगतात, त्यातही हाच हिशेब आहे: चवळीवर मावा, माव्यावर ढालकिडे, आणि तिथून ते कपाशीत.

या मित्रकीटकांचं पाऊल उशिरा पडतं, हा दोष मात्र मान्य करायला हवा. मावा आधी माजतो, मग पाहुणे येतात, आणि मधला आठवडा-पंधरवडा चवळीचे शेंडे आखडलेलेच राहतात. वांग्यात तर यांची मात्रा फारशी चालत नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की ढालकिडा बाहेरच राहतो. तिथे आपलीच बोटं कामाला लावायची: मान टाकलेला शेंडा थोडा खालून खुडायचा, उभा चिरायचा, आत गुलाबीसर अळी सापडते. ती मारूनच शेंडा टाकायचा, उकिरड्यावर तसाच फेकायचा नाही.